दोन तलंगांची भरती

आमच्या शेजारच्या धुरी सिस्टर रोज सकाळी सहा वाजता कोंबड्यांचा राऊंड घेतात.

राऊंड म्हणजे अगदी हॉस्पिटलातल्यासारखा राऊंड. अंगात इस्त्री केलेला पांढरा गाऊन, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, हातात क्लिप लावलेली पाटी आणि पाटीवर कागद. खुराड्याचं दार उघडायच्या आधी त्यावर दोनदा टकटक करतात. "पेशंट झोपलेला असला तरी दार वाजवूनच आत जायचं," हा त्यांचा नियम. मग एकेक कोंबडी बाहेर येते. सिस्टर तिचा तुरा बघतात, डोळे बघतात, पाय उचलून तळवे बघतात आणि शेवटी वाकून खुराड्यातली शी बघतात. मोठ्याने बोलत बोलत लिहितात, "मेट्रन, नॉर्मल. स्टाफ, नॉर्मल. ट्रेनी, किंचित पातळ."

त्यांच्या आणि आमच्या मागच्या अंगणात छातीएवढी भिंत आहे. मुलुंड पूर्वेच्या आमच्या बैठ्या चाळीत अजून प्रत्येक खोलीला असं हातभर अंगण उरलंय. मी त्या वेळी दात घासत उभी असते. त्यामुळे गेली सात वर्षं माझ्या दिवसाची सुरुवात कोंबड्यांच्या पोटाच्या बातम्यांनी होते.

नावांवरून तुमच्या लक्षात आलंच असेल. सिस्टर पस्तीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात नर्स होत्या. मूळच्या कुडाळकडच्या. लग्न केलं नाही. "वेळच गावाक नाय," म्हणजे वेळच मिळाला नाही, एवढंच त्यांचं त्यावर स्पष्टीकरण. ड्युटीवर असल्यासारख्या त्या शुद्ध मराठी बोलतात, भडकल्या की मालवणी. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी त्यांनी गावाहून तीन कोंबड्या आणल्या आणि आपला वॉर्ड पुन्हा सुरू केला. काळी, भारदस्त, मान मागे टाकून चालणारी ती मेट्रन. तांबूस, कामसू, सगळ्यात जास्त अंडी देणारी ती स्टाफ. आणि ठिपक्याठिपक्यांची, दोघींकडून टोचा खाणारी ती ट्रेनी. ट्रेनीला चार वर्षं झाली तेव्हा मी एकदा विचारलं, "सिस्टर, हिला बढती कधी?"

"वरची जागा रिकामी झाल्याशिवाय नाही."

अख्खी चाळ त्यांना सिस्टरच म्हणते. कुणाला ताप आला, कुणाला कापलं की आधी त्यांच्या दारात जायचं. त्या बघतात, आणि मग ते वाक्य म्हणतात: "घाबरायचं काही कारण नाही." आता हे वाक्य इतकं साधं आहे. पण सिस्टर ते अशा थंड, खालच्या आवाजात म्हणतात की ऐकणारा संपतोच. माझ्या नवऱ्याचं, नितीनचं, सुरण चिरताना बोट कापलं होतं. रक्त पाहून तो हसत होता. सिस्टरनी बोट हातात घेतलं, म्हणाल्या, "घाबरायचं काही कारण नाही," आणि नितीन तिथल्या तिथे त्यांच्या उंबरठ्यावर आडवा झाला.

तर अशा या सिस्टर. कॅज्युअल्टीत कुणाला आधी आत घ्यायचं हे त्या म्हणे एका नजरेत ठरवायच्या. त्यांना एक निर्णय घ्यायला पूर्ण दोन महिने लागले. त्याची ही गोष्ट.

मे महिन्याच्या उकाड्यात स्टाफ गेली. आजारी वगैरे नव्हती. सकाळी दांडीवरून उतरलीच नाही. सिस्टरनी तिला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं, हात साबणाने कोपरापर्यंत धुतले आणि कागदावर लिहिलं, "डिस्चार्ज." डोळ्यातून टिपूस नाही. दुसऱ्या दिवशी सहा वाजता राऊंड झालाच. "मेट्रन, नॉर्मल. स्टाफ..." आणि एवढं बोलून त्या थांबल्या. मी तोंडात फेस घेऊन तशीच उभी राहिले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून आवाज आला, "ट्रेनी, नॉर्मल."

पण ट्रेनी नॉर्मल नव्हती. तीन होत्या तोवर मेट्रनचा राग दोघींत वाटला जायचा. आता सगळा एकटीच्या वाट्याला आला. आठवड्याभरात ट्रेनीच्या पाठीची पिसं गेली. पंधरा दिवसांत तुऱ्यातून रक्त आलं. सिस्टरनी दोघींना वेगळं ठेवून पाहिलं, तर ट्रेनी कोपऱ्यात बसून राहिली आणि मेट्रनने खाणं सोडलं. दिवसभर ती जाळीला छाती लावून उभी. जिला टोचायची, तिच्याचसाठी!

"अजून कोंबड्या आणायला हव्यात," मी भिंतीवरून म्हणाले. मला तर आतून उकळ्या फुटत होत्या. नवीन कोंबड्या! माझ्या माहेरी, देवगडला, घरात नवी तलंग आली की आम्ही पोरं शाळेतून धावत घरी यायचो. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. अशी चुळबुळी, चमकदार, सगळ्या जगाकडे मान वाकडी करून बघणारी.

"बघू," सिस्टर म्हणाल्या.

हे 'बघू' दोन महिने चाललं. रोज सकाळी एक नवी शंका. नव्या कोंबडीने रोग आणला तर? जुन्यांनी तिला मारलं तर? नवी जास्त दांडगी निघाली आणि तिनेच मेट्रनला मारलं तर? एक आणायची की दोन? यावर मात्र त्यांचं मत पक्कं होतं. "एकटी कधीच नाही. नवीन नर्स एकटी वॉर्डात पाठवली की जुन्या तिला रडवून सोडतात. दोघी पाठवल्या की निदान जेवताना एकमेकींशी बोलतात."

चाळीत बातमी पसरली आणि जो तो सल्ला द्यायला लागला. पलीकडच्या खोलीतले बोरकर काका म्हणाले, "सिस्टर, कोंबड्या-बिंबड्या राहू द्या, एक कोंबडाच आणा. भांडणं आपोआप मिटतील."

"कोंबडा नको," सिस्टर म्हणाल्या. "पस्तीस वर्षं डॉक्टर सांभाळले. आता बस्स."

एका सकाळी मी वैतागले. "सिस्टर, यार, आणून टाका ना! एवढा विचार कसला करताय?"

त्यांनी पाटी खाली ठेवली. भिंतीजवळ आल्या. "तुझं गणित कसं आहे?"

"ठीक आहे."

"मग सांग. गावठी कोंबडी नीट ठेवली तर आठ वर्षं काढते. मी आता एकोणसत्तर. तलंग आणली आणि मी मध्येच गेले, तर तिला काय, चाळीने रस्सा करून खायची?"

मला हसू आलं, मग आलं तसं गेलं. त्या गंमत करत नव्हत्या. दोन महिने त्या रोगाबद्दल बोलत होत्या, भांडणाबद्दल बोलत होत्या, पण अडलं होतं ते इथे.

"मी आहे ना," मी म्हणाले.

"तसं सगळेच म्हणतात. लिहून देशील?"

"देईन."

मला वाटलं विषय संपला. संध्याकाळी सिस्टर आमच्या दारात कागद घेऊन हजर. स्वच्छ अक्षरात संमतीपत्र. 'मी, खाली सही करणार सौ. प्रज्ञा नितीन राणे, पूर्ण शुद्धीत लिहून देते की कु. मंगला धुरी यांचं बरंवाईट झाल्यास त्यांच्या सर्व कोंबड्यांचा मरेपर्यंत सांभाळ करीन व त्यांपैकी एकही कापणार नाही, कापू देणार नाही.' खाली माझ्या सहीची जागा. साक्षीदार म्हणून नितीनची.

नितीन म्हणाला, "अंडी खाल्लेली चालतील का?"

सिस्टरनी कागद परत घेतला, उंबरठ्यावर उभ्या उभ्याच एक ओळ वाढवली, 'अंडी खाण्यास हरकत नाही,' आणि पुढे केला. आम्ही सह्या केल्या. सिस्टरनी दोन्ही सह्या डोळ्यांजवळ नेऊन तपासल्या.

"रविवारी," त्या म्हणाल्या. "दोन तलंगा. सात वाजता तयार राहा."

आनंदाने उडी मारायचीच काय ती बाकी होती. त्या आठवड्यात मला ऑफिसात धड काम सुचलं नाही.

रविवारी आम्ही रिक्षाने डोंगराच्या पायथ्याशी गेलो. तिथल्या पाड्यावर एक बाई गावठी कोंबड्या पाळते असं सिस्टरनी आधीच शोधून ठेवलं होतं. बाईंच्या अंगणात पंधरावीस कोंबड्या नुसत्या उधळलेल्या होत्या. तांबड्या, पिवळ्या, करड्या, एक तर चक्क राखाडी झालरीची. मी "ही! नाही, ही! सिस्टर, ती बघा!" करत नाचत होते. सिस्टरनी पर्समधून रबरी हातमोजे काढले.

मग सुरू झाली तपासणी. चोच उघडून घसा बघितला. पंख पसरून खाली उवा आहेत का बघितलं. नाकपुड्या, डोळे, बोटं. छातीचं हाड बोटाने चाचपलं. एकीच्या तर पाठीला कान लावून, डोळे मिटून, मनगटावरच्या घड्याळाकडे बोट करून मला म्हणाल्या, "मिनिट झालं की सांग." मी मिनिट मोजलं. पाड्यावरची बाई कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती. अकराव्या कोंबडीला तिचा धीर सुटला.

"बाई, कोंबडी पाळायची हाय का तिला पोरगा बघाया आलाय?"

सिस्टर हसल्या नाहीत. "हिला सर्दी आहे," असं सांगून त्यांनी अकरावी परत केली आणि बारावी मागितली.

शेवटी दोन निवडल्या. एक पिवळसर, एक करडी, एकाच रवणीतल्या, म्हणजे एकाच वेळी उबवलेल्या, सख्ख्या बहिणी. परतीच्या रिक्षात टोपली सिस्टरच्या मांडीवर, वरून ओला पंचा. दर गतिरोधकाला सिस्टर ओरडत, "हळू रे बाबा, आत पेशंट आहेत!" रिक्षावाला बिचारा आरशात बघून घाबरला. "मॅडम, कौनसे हॉस्पिटल जाना है?" सिस्टरनी त्याला धीर दिला. "घाबरायचं काही कारण नाही." त्यानंतर त्याने गाडी अशी पळवली की मुलुंडचे दोन सिग्नल मला आठवतच नाहीत.

आता प्रश्न होता आयसोलेशनचा. नव्या कोंबड्या तीस दिवस जुन्यांपासून लांब ठेवायच्या, हे सिस्टरचं ठाम म्हणणं. त्यांच्या अंगणात तेवढी जागा नव्हती. आमच्या अंगणात मात्र जुनी न्हाणी आहे. घरात बाथरूम झाल्यापासून तिच्यात नुसत्या रिकाम्या बादल्या पडलेल्या. मी ती देऊन टाकली. न्हाणीत जायचं तर आमच्या पुढच्या दाराने येऊन, स्वयंपाकघरातून मागे जावं लागतं. म्हणजे सिस्टरना रोज दोनदा आमच्या घरात यावं लागणार होतं.

इथे एक सांगायला हवं. अकरा वर्षांत सिस्टर कधी आमच्या घरात आल्या नव्हत्या. आमच्या मुलीच्या बारशाला नाही, गणपतीला नाही. यायच्या त्या उंबरठ्यापर्यंत. ताप बघायचा, औषध सांगायचं, परत. प्रसाद हातात घ्यायच्या आणि घरी नेऊन खायच्या. आम्हाला वाटायचं, शिस्त असेल.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता बेल वाजली. तोंडाला मास्क, हातात वेगळ्या चपला. स्वयंपाकघरात कुठेही हात न लावता त्या थेट मागे गेल्या. दहा मिनिटांनी परत आल्या, चपला बदलल्या. मी म्हटलं, "चहा?" त्या म्हणाल्या, "ड्युटीवर नाही घेत." संध्याकाळी सहाला पुन्हा तेच.

चौथ्या दिवशी पाऊस जोरात होता, थांबावं लागलं, म्हणून उभ्याने अर्धा कप घेतला. नवव्या दिवशी बसून घेतला. पंधराव्या दिवशी नितीनचं ब्लडप्रेशर तपासलं आणि त्याचं लोणचं बंद केलं. विसाव्या दिवशी आमच्या मुलीला, सईला, जखमेची पट्टी कशी बांधायची ते शिकवलं. सईने सरावासाठी घरातल्या सगळ्या बाहुल्या आणि एक फ्लॉवरपॉट बांधून टाकला. तलंगा तर झकास वाढत होत्या. ज्या नितीनने "माझ्या घरात कोंबड्या म्हणजे वाट लागली" म्हणून नाक मुरडलं होतं, तो ऑफिसातून आला की बूटही न काढता न्हाणीत डोकवायचा. "आज पिवळी माझ्या हातावर चढली!" हे त्याने मला कामाच्या वेळेत फोन करून सांगितलं.

तीस दिवस संपले. मग आठ दिवस, दिवसभर सिस्टरच्या अंगणात मधे जाळी लावून दोन्ही पार्ट्यांना समोरासमोर ठेवलं, नुसती ओळख व्हावी म्हणून; रात्री तलंगा पुन्हा आमच्या न्हाणीत. सिस्टर त्याला 'व्हिजिटिंग अवर्स' म्हणायच्या. आणि मग तो दिवस उजाडला. जाळी काढायची!

रविवार, संध्याकाळी पाच. दोन्हीकडच्या अंगणात माणसं. बोरकर काका खुर्ची घेऊन आलेले. सई भिंतीवर चढून बसलेली. सिस्टरनी चार ठिकाणी दाणे ठेवले, चार ठिकाणी पाणी, लपायला दोन खोके. सगळी तयारी ऑपरेशनसारखी. मग म्हणाल्या, "प्रज्ञा, जाळी तू काढ."

"मी?"

"मी बघू शकणार नाही."

आणि खरंच, हातपाय तुटलेली माणसं उचलून आत घेणारी ही बाई आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी जाळी ओढली.

"काय चाललंय? सांग!"

"मेट्रन पुढे आली, सिस्टर. पिवळीसमोर उभी आहे. मान फुगवली!"

"शिरा पडली तिच्या तोंडार! मग?"

"उडाली! मेट्रन उडाली अंगावर! पिवळी खाली... नाही, उठली! करडी मधे घुसली!"

"रक्त? रक्त आहे का?"

"नाही! पिसं आहेत, रक्त नाही! मेट्रनने करडीला पकडलं, सोडलं... आता तिघी गोल फिरतायत!"

"आणि ट्रेनी? ट्रेनी खंय आसा?"

ट्रेनी इतका वेळ खोक्यामागे होती. ती हळूच बाहेर आली. पाठीवर नवी पिसं फुटलेली.  ती सरळ पिवळीपाशी गेली, मान उंच केली आणि पिवळीच्या डोक्यावर टणकन एक टोच मारली. पिवळी बाजूला झाली. ट्रेनीने तिचे दाणे खाल्ले.

"सिस्टर!" मी किंचाळले. "ट्रेनीने टोचलं! ट्रेनीने दुसऱ्या कुणाला तरी टोचलं!"

अख्ख्या अंगणाने टाळ्या वाजवल्या. बोरकर काका खुर्चीवरून उठून उभे राहिले. सिस्टर वळल्या. चष्मा पुसला, पुन्हा लावला. "बढती झाली," त्या म्हणाल्या.

अंधार पडायच्या आत चौघी खुराड्यात गेल्या. थोडी ढकलाढकली झाली, थोडी कुरकुर झाली. मग दांडीवर एका टोकाला मेट्रन, तिच्याशेजारी ट्रेनी, आणि दुसऱ्या टोकाला दोघी बहिणी एकमेकींना चिकटून. सिस्टर बराच वेळ वाकून बघत राहिल्या. सगळे घरी गेले. मीही गेले. इतकं हलकं वाटत होतं की त्या दिवशी मी स्वयंपाक करताना गात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बेल वाजली.

दारात सिस्टर. मास्क, हातात वेगळ्या चपला.

"सिस्टर, त्या आता तुमच्याकडे आहेत."

"माहीत आहे. न्हाणी तपासायची आहे. कोंबड्या गेल्या म्हणून जंतू जातात काय?"

आत गेल्या, रिकाम्या न्हाणीचे कोपरे बॅटरीने बघितले, फिनेल टाकायला सांगितलं, चहा घेऊन गेल्या. मंगळवारीही आल्या. फिनेल बरोबर पडलंय का ते बघितलं, चहा घेऊन गेल्या.

बुधवारी सात वाजता बेल वाजली. मी दार उघडलं. सिस्टर उंबरठ्याबाहेर उभ्या होत्या. मास्क तोंडावर नव्हता, हातात नुसताच धरलेला. चपला आणल्याच नव्हत्या.

"न्हाणी..." त्या म्हणाल्या. "नाही. झालं तसं सगळं. स्वच्छ आहे आता." मग जरा मागे सरकून म्हणाल्या, "सवय लागली गो. सात वाजले की पाय इकडे वळतात."

या बाईने पस्तीस वर्षांत किती माणसांच्या उशाशी उभं राहून रात्री काढल्या असतील. पण सकाळी सात वाजता हिची वाट बघणारं, हिला "बसा" म्हणणारं घर बहुधा हेच पहिलं होतं, आणि तेही कोंबड्यांच्या निमित्ताने. 

आतून नितीनचा आवाज आला. तो गॅससमोर उभा होता, वळलासुद्धा नाही. "सिस्टर, बरं झालं आलात. मला त्या न्हाणीच्या डाव्या कोपऱ्याचा काही भरवसा वाटत नाही. रोज बघावं लागेल."

सिस्टरनी त्याच्या पाठीकडे बघितलं. खोटं दुखणं सांगणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं, अगदी निरखून.

"रोज? किती दिवस?"

"ते काही सांगता येत नाही," मी म्हणाले.

त्यांनी मास्कची घडी घातली, गाऊनच्या खिशात ठेवली आणि आत आल्या. न्हाणीकडे गेल्याच नाहीत. खिडकीजवळची खुर्ची ओढून बसल्या. सई पट्टी बांधलेली बाहुली घेऊन त्यांच्या मांडीला टेकली. नितीनने चहा पुढे ठेवला. सिस्टरनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर जास्त पडली आहे."

"उद्या कमी घालतो," नितीन म्हणाला.

"उद्या आलं पण घाल," सिस्टर म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी कप धरून सावकाश चहा प्यायला लागल्या.